नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचं असेल तर

वाळवंटातल्या सेसरीमपासून समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड शहरापर्यंतचं अंतर जवळपास साडेतीनशे किलोमीटर आहे. आपल्या हिशेबात पुण्याहून बेळगाव. सकाळी चहा घेऊन निघायचं, जेवायला पोचायचं. नामिबियात मात्र हाच प्रवास दिवसभराचा होतो. जवळजवळ सगळा रस्ता मुरमाचा, दोन घाट, आणि वाटेत पेट्रोल मिळणार ते फक्त सॉलिटेअर या चार-दोन इमारतींच्या ठिकाणी. आमच्या पहिल्या आराखड्यात याच दिवशी दुपारी समुद्रावरची बोटसफरही होती. ती अर्थातच बुडाली, पैशांसकट.

म्हणून नामिबियाला जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, उजेडाच्या तासांत मोजा. बाकीच्या तयारीची मांडणी त्यावरून करा.

देश केवढा आहे याचा अंदाज घ्या. क्षेत्रफळ सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून जास्त. लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेनुसार जेमतेम तीस लाख. एका पुणे शहरात मावतील एवढी माणसं या सगळ्या पसाऱ्यात विखुरलेली आहेत. तासभर गाडी चालवूनही समोरून एकही वाहन येत नाही, असं इथे रोज घडतं. या एकांतासाठीच तर तिथे जायचं. पण गाडी बंद पडली तर मदतही तितकीच लांब असते.

कधी जायचं

आपल्याकडच्या सुट्ट्या म्हणजे मे आणि दिवाळी, आणि हे दोन्ही काळ तिथे चालतात. मे महिन्यात पाऊस नुकताच संपलेला असतो, हवा स्वच्छ असते, गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं. रात्री थंडी पडायला लागते. जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. वाळवंटात पहाटे पारा शून्याजवळ येतो, तेव्हा तंबूत राहणार असाल तर महाबळेश्वरचा स्वेटर पुरणार नाही. कानटोपी, जाड जाकीट आणि थर्मल हवंच. ऑक्टोबरमध्ये उन्हाचा कडाका असतो, पण सगळीकडचं पाणी आटल्यामुळे जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर गर्दी करतात. प्राण्यांसाठी जाणाऱ्यांनी ऊन सोसायची तयारी ठेवून दिवाळीच्या आधीचे दिवस धरावेत. जानेवारी ते मार्च पहिल्या खेपेला टाळा. एरवी कोरड्या असलेल्या नद्या अचानक वाहू लागतात आणि रस्ते बंद होतात.

कागदपत्रं, विमान आणि पिवळा ताप

व्हिसाचे नियम २०२५ मध्ये बरेच बदलले, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. नामिबियाच्या गृह खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टसाठी काय लागतं ते पाहा आणि शक्यतो निघण्यापूर्वीच ऑनलाइन व्हिसा काढा. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने हवी, कोरी पानं हवीत. मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले घ्या. आई किंवा वडील एकटेच नेत असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र नोटरी करून ठेवा.

मुंबईहून जाण्याचे नेहमीचे मार्ग म्हणजे अदिस अबाबामार्गे किंवा जोहान्सबर्गमार्गे. जोहान्सबर्गला एक सापळा आहे. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर सामान घेऊन पुन्हा जमा करण्यासाठी तिथल्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. मुंबई ते नामिबियाची राजधानी विंडहुक सगळं एकाच तिकिटावर घ्या आणि सामान थेट विंडहुकपर्यंत टॅग झालं आहे ना, हे मुंबईच्या काउंटरवरच पाहून घ्या.

इथिओपिया किंवा केनियामार्गे जाणार असाल आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल, तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. व्हिक्टोरिया धबधब्यासाठी झांबियात डोकावणार असाल तरीही हा विषय येतोच. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. केंद्रावर नोंदणीला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मलेरियाचा धोका मुख्यतः उत्तर भागात आणि पावसाळ्याच्या आसपास असतो. तुमचा मार्ग आणि महिना सांगून डॉक्टरांकडून गोळ्यांचा निर्णय घ्या.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. परिवहन पोर्टलवर अर्ज होतो, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही बरोबर हवं.

पैसे आणि प्लग

नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडला एकास एक बांधलेला आहे, आणि नामिबियात रँड सगळीकडे चालतात. उलट मात्र होत नाही, नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेत कोणी घेत नाही. त्यामुळे भारतातून निघताना रँडमधलं फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख रँड घेणं सोयीचं. शहरात कार्ड चालतं, पण आडबाजूच्या पेट्रोलपंपावर यंत्राला रेंज नसते. तिथे रोख पैसेच कामी येतात.

गाडीच्या अनामतीसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं खरं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर बहुतेक कंपन्या गाडी देत नाहीत. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा.

तिथला सॉकेट आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांच्या प्लगसारखा असतो. त्यामुळे महागडा अ‍ॅडाप्टर शोधायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सोळा अँपिअरचा प्लग लावलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्या. एका सॉकेटवर सगळ्यांचे फोन आणि कॅमेरे चार्ज होतात.

गाडी: इथे घाई करू नका

गाडी उजव्या स्टिअरिंगची, रस्त्याची बाजू डावी, बहुतेक गिअर हाताचे. म्हणजे आपल्याला सवयीचंच. पहिल्या खेपेच्या नेहमीच्या मार्गासाठी उंच तळाची साधी एसयूव्हीही पुरते. तरी परवडत असेल तर डबल कॅब पिकअप, छतावर तंबू, मागे फ्रिज, गॅस आणि भांडी अशी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचं बळ मिळणारी गाडी घ्या. मुरमाच्या रस्त्यावर तिचं वजन आणि टायर कामी येतात, आणि मुक्कामाचा खर्चही वाचतो.

विम्याचा करार ओळ न् ओळ वाचा. टायर आणि काचा त्यात आहेत का? दुसरं वाहन नसताना गाडी उलटली, तर भरपाई मिळते का? नामिबियात पर्यटकांच्या गाड्या मुरमावर घसरून आपल्या आपण उलटतात, आणि नेमकं तेच कलम स्वस्त विम्यातून वगळलेलं असतं. सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा रद्द, अशी अटही बहुधा असते.

गाडी ताब्यात घेताना एक तास काढा. स्टेपनी दोन आहेत ना? त्यांतही हवा आहे ना? व्हीलपाना या गाडीच्या नटांना बसतो का, हे स्वतः लावून पाहा. जॅक काढा, उचलून पाहा, परत ठेवा. हवा भरायचा कॉम्प्रेसर, दाबमापक, दोर, फावडं. छतावरचा तंबू त्यांच्या अंगणात एकदा उघडून मिटवून पाहा. गाडीभोवती फिरत व्हिडिओ काढा, समोरच्या काचेवरची प्रत्येक टिचकी त्यात आली पाहिजे.

आमचं पहिलं पंक्चर तिसऱ्या दिवशी झालं. दुपारचे दोन, सावली म्हणावी तर गाडीचीच. जॅक लावला आणि गाडी वर जाण्याऐवजी जॅकच मऊ जमिनीत खाली जाऊ लागला. अर्ध्या तासाने आलेल्या एका शेतकऱ्याने आधी सगळ्यांना हात दिला, विचारपूस केली, मग आपल्या बकीतून एक जाड फळी काढून जॅकखाली सरकवली. दहा मिनिटांत चाक बदललं. पिकअपला तिथे बकी म्हणतात. विंडहुक सोडण्याआधी हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर लांबीची जाड फळी घ्याच.

मुरमाच्या रस्त्यावर

बी अक्षराचे रस्ते बहुतेक डांबरी, सी बहुतांशी मुरमाचे, डी त्याहून लहान. कायद्याने खुल्या डांबरी रस्त्यावर ताशी १२०, मुरमावर १०० आणि गावात ६० ची मर्यादा आहे. मुरमावर मी ८० च्या वर जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. बऱ्याच कंपन्यांच्या करारात हीच मर्यादा लिहिलेली असते.

रस्ता सरळसोट, रिकामा आणि मऊ दिसतो, म्हणून पाय दाबला जातो. मग पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा लागतात, चाकं जमीन सोडू लागतात आणि स्टिअरिंग हलकं वाटतं. त्या क्षणी ब्रेकवर उभं राहायचं नाही आणि चाक झटक्यात वळवायचं नाही. पाय अलगद उचला, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीला आपोआप मंदावू द्या. वळण, चढाचा माथा आणि कोरड्या नदीचा उतार येण्याआधीच वेग कमी करा. समोरून वाहन आलं की डावीकडे व्हा, हळू व्हा, कारण पुढचे काही सेकंद धुळीत काहीही दिसणार नाही. दिवसाही हेडलाइट लावून ठेवा.

मुरमावर जाताना टायरमधली हवा थोडी कमी करतात, साधारण १.८ बारपर्यंत. एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय. नेमका आकडा गाडीच्या वजनावर ठरतो, म्हणून गाडी देणाऱ्याकडून तो कागदावर लिहून घ्या. डांबरावर आलात की हवा परत भरा. टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला, की भरा. पंपावर पेट्रोल भरणारा माणूस असतो, काचही पुसतो, त्याला पाच-दहा नामिबियन डॉलर देण्याची रीत आहे.

आणि अंधारात चालवायचं नाही. घोड्याएवढा कुडू कुंपणावरून उडी मारून थेट रस्त्यावर येतो, दिव्याच्या झोतात थिजतो. सूर्य मावळण्याच्या तासभर आधी मुक्कामी पोचायचं, असाच प्रत्येक दिवस आखा.

पहिल्या खेपेचा मार्ग

बारा रात्री आणि सुमारे अडीच हजार किलोमीटर एवढं पुरे. विंडहुक एक, सेसरीम दोन, स्वाकोपमुंड दोन, श्पिट्झकोपचे खडकाळ डोंगर एक, कातळशिल्पांचं ट्वायफलफाँटेन एक, एटोशा राष्ट्रीय उद्यान तीन, ओट्जिवारोंगो एक आणि परत विंडहुक एक. याच वेळात दक्षिणेचा फिश रिव्हर कॅन्यन आणि कोल्मान्सकोपचं वाळूत बुडालेलं हिऱ्यांचं गाव बसवायचा मोह होईल. तो आवरा. एटोशातले आणि सेसरीमचे सरकारी मुक्काम काही महिने आधीच भरतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी त्यांच्या तारखा पाहा.

पहिल्या दिवशी विमानतळावरच सिमकार्ड घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. शहर तिथून ४५ किलोमीटर दूर आहे. विंडहुकमध्ये भाजीपाला, पाणी आणि लाकूड भरा. शहरातल्या नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, पुढे मात्र माणशी दिवसाला चार लिटर धरून कॅन भरून ठेवा. गाडीत दिसेल असं काही ठेवू नका, रिमोटने कुलूप लावल्यावर दार ओढून पाहा, आणि एटीएमवर मदतीला पुढे येणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. फोनवर ऑफलाइन नकाशे उतरवा, कारण शहर सोडलं की रेंज तासन् तास नसते.

सेसरीमला मुक्काम आतल्या फाटकाच्या आत घ्या. थोडा महाग पडतो, पण आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, आणि वाळूच्या टेकड्यांवर तो एक तासच मोलाचा. फाटकापासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. शेवटचे सुमारे पाच किलोमीटर मऊ वाळू, फक्त फोर बाय फोरसाठी. वाळूत कधी चालवलं नसेल तर गाडी तिथेच लावा आणि शटल घ्या. दर सकाळी दोन-चार गाड्या बोनेटखाली रुतलेल्या दिसतात आणि त्यांची उत्तम वेळ फावडं मारण्यात जाते.

शटलमधून उतरल्यावर किलोमीटरभर चालून डेडव्लेई येतं. पांढऱ्या, भेगाळलेल्या चिखलाच्या तळाशी बाभळीच्या कुळातली कॅमल थॉर्नची झाडं उभी आहेत, सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत, उन्हाने काळी पडली. आम्ही पोचलो तेव्हा तळ अजून सावलीत होता आणि मागची टेकडी वरून खाली केशरी होत येत होती. ती रेघ झाडांच्या मुळांशी पोचायला वीसेक मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कोणी बोललं नाही. झाडांना हात लावू नका, टेकू नका. टेकडी चढायची तर काठाच्या धारेवरून चढा, दोन लिटर पाणी घ्या आणि दहाच्या आत उतरा, त्यानंतर वाळू पाय पोळवते. संध्याकाळी जवळची सेसरीमची घळ पाहा. खालचं पाणी काढायला कातड्याच्या सहा वाद्या एकमेकींना बांधाव्या लागत, म्हणून अफ्रिकान्स भाषेत सेस रीम, सहा वाद्या.

स्वाकोपमुंडला समुद्रातल्या थंड बेंगेला प्रवाहामुळे धुकं असतं. तासाभरापूर्वी घाम पुसत होतात आणि इथे जाकीट लागतं. वॉल्विस बेच्या खाडीत रोहित पक्षी आहेत. उत्तरेला मिठाचा रस्ता केप क्रॉसच्या सीलच्या वसाहतीकडे जातो, तो ओला असताना निसरडा होतो, जपून.

एटोशा १९०७ पासून राखीव आहे, २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठं. इथे तुम्हीच तुमचे गाइड. वेगमर्यादा ६०, गाडी फिरवायची ती सूर्योदय ते सूर्यास्त, आणि कुंपणाच्या छावणीबाहेर गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. नवखे लोक प्राणी शोधत दिवसभर गाडी फिरवतात. त्यापेक्षा एक पाणवठा निवडा, इंजिन बंद करा आणि दोन तास बसा. झेब्रे एकमेकांच्या पाठीवर मान टाकून उभे राहतात, जिराफ पुढचे पाय फाकवायला पाच मिनिटं घेतो. हत्ती आले की बाकीचे आपोआप बाजूला होतात. छावण्यांत ओकाउकुएजोला किमान दोन रात्री राहा. तिथला पाणवठा रात्री दिव्यांनी उजळलेला असतो, काळे गेंडे येतात. जेवण उरकून ब्लँकेट घेऊन बाकावर बसा, कुजबुजूसुद्धा नका.

एटोशाहून परतताना ओट्जिवारोंगोजवळ चित्ता संवर्धन केंद्र आहे, ते पाहता येतं. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले आठ चित्ते याच देशातून आले होते, त्यांचं मूळ घर कसं आहे हे इथे कळतं. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगप्रतिबंधक कुंपणावर गाडी तपासतात. लाळ्या-खुरकूत पसरू नये म्हणून कच्चं मांस काढून घेतात.

खाणं आणि माणसं

शाकाहारी असाल तर लॉजला बुकिंग करतानाच कळवा आणि आदल्या दिवशी आठवण द्या. छावणीत स्वतः शिजवणं सगळ्यात सोपं. सीलबंद पोहे, उपमा मिक्स, भाजणी आणि मसाले न्या, तांदूळ, डाळी, भाज्या तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. आणि एकदा तरी महांगू खा. महांगू म्हणजे आपली बाजरीच. उत्तरेतल्या ओवाम्बो लोकांचं ते रोजचं अन्न. तिच्या पिठाची घट्ट ओशिफिमा हाताने तोडून पालेभाजीशी खातात. गरम भाकरी आणि माठाच्या भाजीवर वाढलेल्या माणसाला ती चव परकी वाटत नाही.

कोणालाही काही विचारण्याआधी नमस्कार आणि ‘कसे आहात’ एवढं बोला. पंपावर, दुकानात, फाटकावर थेट प्रश्न टाकणं उद्धट समजतात. इंग्रजी राजभाषा आहे, अडत नाही. हिंबा जमातीच्या स्त्रियांचे फोटो गाडीच्या खिडकीतून काढू नका. उतरा, बोला, विचारा, नकार आला तर कॅमेरा पिशवीत. हेरेरो स्त्रियांचे घेरदार झगे आणि शिंगांच्या आकाराचे फेटे पाहून नुसती गंमत वाटून घेऊ नका. हा देश जर्मन वसाहत असताना, १९०४ ते १९०८ या काळात, जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, आणि स्वाकोपमुंडच्या सुंदर जर्मन इमारतींमध्ये फिरताना ते ठाऊक असलं पाहिजे. विंडहुकमधल्या स्वातंत्र्य संग्रहालयाला पहिल्याच दिवशी दोन तास द्या. काटुतुरा वस्तीत स्थानिक गाइडबरोबर जा. तिथल्या लोकांना शहरातल्या जुन्या वस्तीतून जबरदस्तीने हलवलं होतं, आणि काटुतुराचा अर्थच आम्हाला राहायचं नाही अशी जागा असा आहे.

परतीच्या दिवशी टाकी विंडहुकमध्येच भरा आणि पावती जपून ठेवा. उरलेले नामिबियन डॉलर इथेच संपवा. गाडी देताना पुन्हा व्हिडिओ काढा, अनामत सुटल्याचा कागद हातात घ्या. विमानतळाच्या रस्त्यावर माकडं आणि रानडुकरं कडेला चरत असतात, पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री विमानतळाजवळच मुक्काम करा. आणि ती फळी पुढच्या प्रवाशासाठी गाडीतच राहू द्या.